साहेबासाठी मोकळा रस्ता

चाकणच्या अर्जुनरावांनी दवंडी दिली की बायका चुलीवरचा तवा उतरवून दारात येत. हलगी आधी जाळावर तापवून घ्यायची, तिच्यावर कडक थाप टाकायची, मान किंचित वर करायची आणि मग ‘ऐका हो ऐका!’ त्या पहिल्या हाकेनंतर ते थांबत. किती थांबायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गल्लीतली कुजबुज विरली, कुणाचं रडतं मूल गप्प झालं, की पुढचं वाक्य सुटायचं. अशी थांबायची जागा साधलेले नट भल्याभल्या नाटक मंडळ्यांतही फार नसत. अर्जुनराव तर ग्रामपंचायतीचे साधे शिपाई. चावडी झाडायची, संध्याकाळी रस्त्यावरचे कंदील लावायचे, घरपट्टीसाठी चार दारं हिंडायची आणि दवंडी द्यायची, एवढंच काम. पण हलगी गळ्यात पडली की तो माणूस वीतभर उंच व्हायचा.

घरी बायको सारजाबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आणि एकुलता मुरारी. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला, तिथं तो लागला होता. पहाटे सायकलवर टांग टाकायची आणि दिवेलागणीला परत यायचं. एस्टी होती, पण तिची वेळ आणि कारखान्याची पाळी यांचं कधी जमलं नाही. सारजाबाईला मुलाचा चेहरा आता धुरकट दिसे. तिचा मुरारी म्हणजे वेशीजवळ वाजणारी सायकलची घंटी. ती वाजली की ती भाकरी थापायला घेई. गेल्या पावसाळ्यात मोशीच्या उतारावर मुरारी दोनदा घसरून पडला. दुसऱ्या खेपेला खांदा निखळला.

तेव्हा तो बापाला म्हणाला, “आबा, दिवाळीपतूर थांबतो. छोट्या गाडीचं नक्की झालं तर आणखी दोन वर्सं रेटीन सायकल. न्हाईतर आकुर्डीला एक खोली बघून ठेवलीया.”

“आन् तुझी आय?”

“म्हणून तर थांबतोय न्हवं.”

ही छोटी गाडी म्हणजे चिंचवड स्टेशनापासून चाकणपर्यंत अरुंद रुळांवरून धावायची रेल्वे. चाकणचा कांदा-बटाटा बैलगाड्यांनी चिंचवडला जाई आणि तिथं मोठ्या रेल्वेत चढे. सुगीत गाड्यांची रांग लागली की तिचं शेपूट दिसत नसे. म्हणून भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी आणि चाकण, रस्त्यावरच्या साऱ्या पंचायती एक झाल्या. जमीन आम्ही देऊ, मातीकाम अंगमेहनतीनं करू, रूळ आणि इंजिनाचे पैसे तेवढे मुंबई सरकारनं द्यावेत, असं मागणं गेलं. गेलं, परत गेलं, पुन्हा गेलं. अखेर निरोप आला, की एक साहेब जीप घेऊन येईल, या रस्त्यानं माल किती जातो ते डोळ्यांनी बघेल, आणि मगच काय ते ठरेल.

चावडीत पाची गावांचे सरपंच जमले. चाकणचे सरपंच सोपानराव सुपारी कातरत म्हणाले, “कमान उभी करू, वाजंत्री लावू. आणखी काय पाहिजे, बोला.”

अर्जुनराव पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. शिपायानं बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण त्यांना राहवलं नाही.

“मालक, बोलू का? माझ्या बापाच्या वक्ताला कलेक्टर आला व्हता. रस्त्यानं गाड्या चालल्या व्हत्या, धुराळा उडाला आन् साहेबाचं घोडं बुजलं. साहेब पडता पडता वाचला. त्यानं गावाची अशी जिरवली, की पुढं साहेब यायचा म्हटलं का आदल्या दिशीच दवंडी व्हायची. मोडा पाळायचा. बैल जुपायचं न्हाईत, रानाकडं सोडून द्यायचं. रस्ता कसा आरशावानी पाहिजे.”

मोडा म्हणजे गावानं कामधंदा बंद ठेवायचा दिवस. सगळ्यांना ते पटलं. सरपंचांना पटलं, तलाठ्याला पटलं, पुण्यात शिकून आलेल्या मास्तरांनीही मान हलवली. पाहुण्याच्या नाकात धूळ जाऊ नये, यात वावगं ते काय? साहेब येणार होता तो धूळ बघायलाच, हे त्या चावडीत एकाच्याही मनात आलं नाही.

“मग पाची गावांत दवंडी तूच दे,” सोपानराव म्हणाले. “बाकीच्यांचं कोण ऐकतंय!”

ते दोन दिवस अर्जुनरावांच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. धुवून वाळवलेला पटका, गळ्यात हलगी. भोसरीपासून सुरुवात करून ते वेशीवेशीला उभे राहिले. “ऐका हो ऐका! आपली रेल्वे बघायला सरकारचा साहेब येतोय! त्या दिशी मोडा पाळा हो! एक चाक रस्त्यावर दिसाया नको!” मोशीला लोकांनी त्यांना गूळ-पाणी दिलं. कुरुळीत एक म्हातारा म्हणाला, “अर्जुनराव, तुमी सांगितलं म्हंजी झालंच. आमच्या दवंडीवाल्याला तर कुत्रं बी हुंगत न्हाई.”

आणि खरंच, एक चाक दिसलं नाही.

साहेबाची जीप चिंचवडहून निघाली ती शिंपडलेल्या, झाडलेल्या रस्त्यानं सरळ चाकणच्या कमानीखाली आली. साहेब मध्यम वयाचा, हसऱ्या चेहऱ्याचा, वागायला नम्र. त्यानं हार घालून घेतला, नारळ घेतला आणि विचारलं, “रस्ता फार छान ठेवलाय. पण माल कुठाय?”

सोपानराव म्हणाले, “साहेब, रोज शेकड्यानं गाड्या जात्यात.”

“सबंध वाटेत मला एकही दिसली नाही.”

“तुमच्यासाठीच बंद ठेवल्या न्हवं!”

साहेब हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. “सरपंच, मी गेल्या महिन्यात तीन ठिकाणी गेलो. सगळीकडे माल रोज जातो आणि नेमका मी येतो त्या दिवशी बंद असतो. मला दिसेल तेच लिहावं लागतं.”

“मग उद्या थांबा,” मास्तर कळवळून म्हणाले.

“उद्या नगरला जायचंय. जेवण होईपर्यंत आहे मी इथं.”

सोपानरावांनी वळून पाहिलं. त्यांना बोलावं लागलं नाही. अर्जुनराव हलगी घेऊन धावले होते. तापवायला वेळ नव्हता, हलगी भद भद वाजत होती. “ऐका हो ऐका! बैल जुपा! गाड्या काढा! असतील तशा काढा!” या खेपेला ते थांबायच्या जागी थांबले नाहीत. दम लागला होता, शब्द एकमेकांवर पडत होते.

लोक दारात आले, पण हसत. मोडा पाळायला सांगितलेल्या दिवशीच गाड्या जुंपायला सांगणारी दवंडी त्या गावानं जन्मात ऐकली नव्हती. “अर्जुनराव, साहेबाची घेतली काय थोडी?” एकजण ओरडला. दुसऱ्यानं विचारलं, “बैल डोंगराला लागल्याती, गाडीला काय बायकू जुपू?” ज्यांना पटलं ते रानाकडं पळाले, पण उन्हात पांगलेली जनावरं अशी हाकेसरशी येतात थोडीच!

एक गाडी मात्र आली. पलीकडच्या वस्तीवरची गवराबाई. ती ठार बहिरी होती, त्यामुळं पहिली दवंडीही तिच्यापर्यंत पोचली नव्हती. कांद्याची गाडी हाकत ती आपल्या नेहमीच्या वेळी निघाली आणि कमानीखाली एवढी माणसं बघून थबकली. साहेबानं जेवण उरकून जीपमध्ये बसता बसता गाडीकडं पाहिलं. गवराबाईला वाटलं, पाहुण्याला कांदा आवडला. तिनं ओंजळभर कांदे काढून त्याच्या मांडीवर ठेवले. साहेबानं हात जोडले. जीप गेली. धूळ उडाली ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी कोंडलेला दोन दिवसांचा माल एकदम बाहेर पडला. मोशीच्या उतारावर गाड्यांना गाड्या भिडल्या, रस्ता दुपारपर्यंत तुंबून राहिला. बघायला कुणी नव्हतं.

निकाल दसऱ्याच्या आधी कळला. सोपानरावांनी तो चावडीत उभ्या उभ्या सांगितला, “या वाटेनं माल नाही, सबब पैसा नाही.” अर्जुनरावांना कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. लोक कूस बदलावी तसे दुसऱ्या विषयाकडं वळले. पंचायतींनी पुन्हा अर्ज केले, मग तेही थंडावले. दवंडीला मात्र पोरंटोरं पहिल्या ‘ऐका’नंतरच्या शांततेत ओरडायची, “बैल जुपू का सोडू?” आणि गल्ली हसायची. अर्जुनराव त्या जागी थांबायचं सोडून एका दमात सगळं बोलून टाकू लागले. आवाज तोच होता, त्याची जादू गेली.

दिवाळी झाली. मुरारीनं पत्र्याची पेटी बांधली. बाप म्हणाला, “आणखी एक अर्ज जाणार हाय म्हनं.” मुरारीनं मान खाली घातली. “आबा, खांदा दुखतो रं माझा.” एवढंच. आईच्या पायावर डोकं ठेवून तो एस्टीत बसला. सायकल टपावर टाकली होती.

सुरुवातीला तो रविवारी यायचा. मग महिन्यानं. मग लग्न झालं, पाळी बदलली, सणाला येऊ लागला.

सारजाबाई दिवेलागणीला परात पुढं ओढून बसे. पिठात पाणी घालायची नाही, नुसती बसायची. एके संध्याकाळी अर्जुनराव कंदील लावून परत आले तेव्हा तिनं विचारलं, “अवं, तुमचा आवाज कुठवर जातो?”

“का गं?”

“न्हाई, म्हटलं मुरारीला एक हाळी द्या. गाड्या बंद करा म्हटल्यावर पाच गावांनी ऐकलं व्हतं न्हवं?”

ती टोमणा मारत नव्हती. खुंटीवरच्या हलगीकडं त्यांनी पाहिलं. ओल धरून तिचं चामडं सैल पडलं होतं.

“आकुर्डी लई लांब हाय,” ते म्हणाले, आणि परातीत पिठावर त्यांनीच पाणी ओतलं, दोन माणसांपुरतं.