काळ्या कागदावरचा कोंडा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यातला कोंडा तपासला. कॉलेजच्या विज्ञान मंडळात प्रत्येकाने स्वतः निरीक्षण केलेल्या विषयावर दहा मिनिटं मराठीतून बोलायचं होतं. इतरांनी पक्षी, फुलपाखरं असे विषय घेतले. घाटकोपरला आमच्या चाळीत फुलपाखरं नव्हती. कोंडा मात्र माझ्याकडे मुबलक होता.

पद्धत सोपी होती. काळा कागद मांडीवर धरायचा, त्यावर डोकं वाकवायचं आणि फणी दहा वेळा फिरवायची. साकीनाक्याच्या कारखान्यातून नुकतेच आलेले बाबा निमूटपणे वाकले. त्यांच्या कागदावर लोखंडाचा कीस पडला, कोंडा नाही. बहिणीच्या कागदावर चार-दोन कण. "हे कागदावर आधीपासूनच होते," ती म्हणाली. माझा कागद पाहून मात्र तिने शेजारणीला हाक मारली, "काकी, लवकर या! ह्याच्या डोक्यात काश्मीर आहे!"

आईला यात नवल वाटलं नाही. "तेल नीट जिरणा नाय, म्हणान होता ह्या," ती म्हणाली. दर रविवारी ती मला पाटावर बसवून गावच्या खोबरेलाची वाटी माझ्या डोक्यावर रिकामी करायची. कोंडा वाढला की तेलही वाढायचं.

मी जीवशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, की एक सूक्ष्म बुरशी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर राहते. त्वचेतून पाझरणारा तेलकट स्राव हे तिचं अन्न. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे हा स्राव वाढतो. पण बुरशी सगळ्यांच्या डोक्यावर असली, तरी काहींचीच त्वचा तिच्यावर चिडते आणि भराभर पापुद्रे टाकते. हा चिडकेपणा बऱ्याचदा जन्मजात असतो.

"आणि वरून लावलेलं तेल?" मी घाबरतच विचारलं.

"तेही तिला चालतं की," बाई म्हणाल्या.

माझी झोप उडाली. आई भाषण ऐकायला येणार होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिने तर कॉलेज आतून कधी पाहिलंच नव्हतं. तिथे चारचौघांत मी तिचं तेल चुकीचं ठरवायचं? ते वाक्य मी तीनदा खोडलं आणि चारदा लिहिलं.

भाषणाच्या दिवशी सकाळी तिने दुप्पट तेल थापलं. "स्टेजवर केस उडाक नको." नको म्हणायचा धीर मला झाला नाही.

चकाकतं डोकं घेऊन मी उभा राहिलो. आई पहिल्याच रांगेत होती. त्या वाक्यापाशी आल्यावर मी पुटपुटलो, "वरून लावलेल्या तेलावरही ही बुरशी पोसते."

"मोठ्याने बोल रे!" मागून कुणीतरी ओरडलं. मग ते मला मोठ्याने म्हणावं लागलं.

बाईंनी कुणाला शंका आहे का विचारलं आणि आईने हात वर केला.

"ह्याच तेल मी ह्याच्या बापाशीच्या डोक्याक पण लायतंय. त्येंका कसो नाय कोंडो?"

सभागृह हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "प्रश्न अगदी बरोबर आहे. तेल तेच, बुरशीही तीच. पुढचं त्या-त्या माणसाच्या त्वचेवर ठरतं."

"म्हंजे तेलाची चूक नाय," आई शेजारच्या मुलीला म्हणाली. "डोक्याचीच."

परतताना बसस्टॉपवर ती म्हणाली, "इतकी वर्सां मी त्या बुरशीक जेवूक घालतंय, आणि तू आज सांगतंस?"

"मलापण आत्ताच कळलं गं."

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे तिने वाटी काढली, पाट मांडला. मी सवयीने जाऊन बसलो. तिने मला उठवलं आणि बाबांना बोलावलं. "तुमी येवा. तुमच्या डोक्याक चलता."

माझ्या वाटणीचं तेल बाबांच्या डोक्यात जिरत राहिलं. मी बाजूला कोरड्या डोक्याने बसलो होतो, आणि मला चक्क वाईट वाटत होतं.