इंजिनाच्या तेलाचा कौल

बाबांनी गाडी माझ्या नावावर केली, पण ती माझी झाली नाही. आयुष्यभर त्यांनी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला होता. इब्रामपूरच्या आमच्या घरासमोर मी सकाळी गाडी सुरू केली, की ते पेजेची वाटी ठेवून बाहेर येत आणि बॉनेटला कान लावत.

तेल बदलायची वेळ आली तेव्हा म्हापशाच्या दुकानदाराने माझ्या गळ्यात सिंथेटिकचा डबा मारला. महाग, पण इंजिन कमी झिजते म्हणाला. बाबांच्या मते ते पाणी, बोटाला न चिकटणारे. "तेल कसां, बोटाक चिकटाक जाय." मला इंजिन जपायचे होते आणि बाबांचे मनही मोडायचे नव्हते. डबा डिकीत लपवून मी फिरत राहिलो आणि घरात चोरासारखा जेवत राहिलो.

"इतक्या भियतास तर देवाक कौल लावा," बायको म्हणाली. तिने थट्टा केली होती. मी खरेच देवळात गेलो.

आमच्याकडे देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे कळ्या लावतात. उजवी पडली की होकार. गुरव देवाला हळूच विचारील असे मी धरून चाललो होतो. गाऱ्हाणे मोठ्याने घालतात आणि हजर असतील ते सगळे त्याला होकार भरतात, हे विसरलो. सोमवार होता, हेही विसरलो.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सूर लावला, "ह्या तुझ्या लेकराक बापाशीची गाडी मेळली हा..."

"व्हय म्हाराजा."

"तेच्यात सिंथेटिक ऑईल घालूचां म्हणता, पण बापाशीक भियता..."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज मागून आला. सोमवारच्या दर्शनाला आलेले बाबा खांबाजवळ हात जोडून उभे होते.

उजवी कळी पडली. मी खाली मान घालून बाहेर आलो, तर बाबा चपला घालत होते.

"देवाक कित्याक त्रास दिलंस? माका विचारूचां."

"तुमी नको म्हणतलास म्हणान."

"म्हणतलंयच. तरी घालूचां. गाडी कोणाची?"

घरी आल्यावर त्यांनी स्वतः जुने तेल काढले आणि नरसाळे धरून नवे ओतून घेतले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कान लावला.

"आवाज उणो झालो," म्हणाले आणि पेज प्यायला आत गेले.

ही शाबासकी होती की तक्रार, मला अजून कळलेले नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. बायकोला विचारले, तर ती म्हणाली, "येत्या सोमवारी देवाक विचारा."