गणूने साफा काढला तो दिवस

सतरा नोव्हेंबर आला की मुंबईचे लोक दोन गोष्टी सांगतात. एकोणीसशे एकवीस साली त्या दिवशी इंग्लंडचे युवराज बंदरावर उतरले आणि परळला विलायती कापडाची होळी झाली. तिसरी गोष्ट आमच्या पलटणीची. ती कुणी सांगत नाही. लाज वाटते.

मी खालापूरचा, तेव्हा नाईक होतो. माझ्या सेक्शनमध्ये आमच्याच भागातल्या चौक गावचा गणू. महायुद्धात मेसोपोटेमियात तहानेने जीभ सुजली तरी कुरकुरला नाही, असा शिपाई. त्या दिवशी आम्हाला युवराजांच्या मिरवणुकीच्या रस्त्याकडेला उभं केलं होतं. शहर तापलेलं. जमाव लोकांच्या डोक्यावरच्या विलायती टोप्या उडवत होता. आम्हाला हुकूम एकच, लाइन हलता कामा नये.

बग्गी लांबून दिसू लागली, तोच पलीकडच्या गर्दीत गणूला त्याचा गिरणीतला थोरला भाऊ दिसला. डोकं भादरलेलं, मिशी उतरवलेली. आमच्याकडच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"नाईक, बा गेला रं माजा."

एवढं बोलून गणूने साफा काढला आणि काखेत धरला. बापाचं सुतक कळल्यावर आमच्यात डोकं झाकत नाहीत. बग्गी त्याच्यासमोरून गेली.

संध्याकाळी कंपनीच्या गोऱ्या साहेबांपुढे मी सगळं खुलासेवार सांगितलं.

"युवराजांसमोर? आणि आजच?" साहेब म्हणाले. त्यांना तो टोप्या उडवणाऱ्या बंडवाल्यांना दिलेला इशारा वाटला. सुभेदारांना सुतक कळत होतं, पण ते बुटांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीसमोर गणूचं नाव पलटणीतून कमी झालं. त्याच्या वर्दीची बटणं कापायचा हुकूम मला मिळाला.

"नाईक, कॅरी ऑन," साहेब म्हणाले.

"काप रं," गणू हळूच म्हणाला. "तुजा दोस नाय." मी एकेक बटण कापलं.

बाहेर दंगा पेटलेलाच होता. भावाच्या चाळीकडे जाताना गणू गोळीबारात सापडला आणि जागीच गेला. गोळी कुणाची, हे पलटणीत कुणी विचारलं नाही.

पुढे रजेवर मी चौकला त्याच्या आईकडे गेलो.

"माज्या गण्यानं असं काय केलं?"

"काय नाय केलं, आये. बापाचं सुतक पाळलं."

म्हातारी म्हणाली, "मंग तुमच्या पलटनीत कुनाला बाप न्हवता काय रं?"

 पलटणीने पडलेल्या शिपायांच्या नावांची शिळा बसवली, तिच्यावर त्याचं नाव नाही. शिपाई गणू, गाव चौक. इथे तरी असू दे.