मशीनवरचं उभं नाणं

संगणकावर काढलेली नक्षी लाकडात आपोआप कोरणारं सीएनसी राउटर मशीन निवडायला मी सहा महिने घातले, आणि शेवटी ते मी निवडलंच नाही. निवडलं बाबांनी.

विचुंब्याच्या पुढे आमचा फर्निचरचा कारखाना आहे, तो त्यांनीच उभा केला. आजोबांचा जन्म मिठागरात गेला; बाबांनी मात्र लहानपणीच पटाशी हातात धरली. चिरनेरपासून पनवेलपर्यंत कितीतरी घरांच्या चौकटींवरची गणेशपट्टी त्यांच्या हातची आहे. कपाटं, किचन, गिऱ्हाइकांची कटकट हे सगळं माझ्याकडे. कोरीव काम त्यांचं.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. एका गणेशपट्टीवर पटाशी सटकली आणि गणपतीची सोंड मधोमध उडाली. बाबांनी ती पट्टी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली, "डोल्यांना नीट दिसत नाय," म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. आमच्या घरात भांडायला कोणी लाजत नाही, पण असलं काही बोलायची वेळ आली की सगळ्यांची दातखीळ बसते. मीही हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले.

कोरीव कामाच्या ऑर्डर मला परत हव्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त बाबा परत हवे होते. मशीन असलं तर नक्षी ते सांगतील, लाकूड ते निवडतील, हाताचं काम तेवढं मशीन करेल, असा माझा हिशेब. भीती एकच होती. आपल्या जागी मशीन आणलं असं त्यांनी मनाला लावून घेतलं, तर ते कायमचे ओटीवर बसतील.

मी रीतसर अभ्यास केला. व्हिडिओ पाहिले, दहा जणांना फोन करून पिडलं, वहीत रकाने आखले: वेग, मोटरची ताकद, टेबलाची लांबी-रुंदी. दोन मशीनं उरली. एक तळोज्यात, एक रोडपालीजवळच्या गोदामात. निघायच्या दिवशी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "बाबा, मशीन बघायला येणार का?" ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि एक कापडी पिशवी घेऊन गाडीत बसले. पिशवीत काय आहे विचारलं, तर म्हणाले, "तू गाडी चालव."

तळोज्याचं मशीन चकचकीत होतं. विक्रेत्याने एमडीएफचा बोर्ड लावला आणि बघता बघता त्यावर गुलाब उमटला. मी हरखून गेले. मनातल्या मनात सही करून मोकळी झाले होते. बाबांनी गुलाबावरून बोट फिरवलं.

"याला रेशाच नाय," ते म्हणाले. "भुसा दाबलेला हाय. याच्यावर कोन पन कोरंल." पिशवीतून त्यांनी गाठ असलेला सागवानाचा तुकडा काढला. "याच्यावर चालव."

विक्रेता कुरकुरला, पण त्याने तुकडा लावला. गाठीपाशी पाकळीची कड फाटली, सालपटं निघाली. मग बाबांनी खिशातून जुनं, जाडजूड पाच रुपयांचं नाणं काढलं आणि टेबलाच्या कडेला उभं करायला घेतलं. नाणं पडलं. पुन्हा उभं करायला गेले, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत खाली गेलं. बाजूला उभा असलेला ऑपरेटर हसला. "काका, राहू द्या ना," विक्रेता म्हणाला. माझा पारा चढला होता. त्या दोघांवर, आणि खरं सांगायचं तर बाबांवरही.

बाबांनी नाणं उचलून माझ्यापुढे धरलं. "तू उभं कर."

उभ्या आयुष्यात त्यांनी मला हाताचं काम सांगितलं नव्हतं. मी नाणं उभं केलं. मशीन सुरू झालं, पहिल्याच वळणाला नाणं आडवं झालं.

"या मशिनीचा पन हात थरथरतो," बाबा म्हणाले.

मला रडू आलं. ते लपवायला मी वही उघडून बसले. माझ्या रकान्यांत या थरथरीला जागाच नव्हती.

रोडपालीचं मशीन दिसायला ओबडधोबड आणि चांगलंच जड होतं. वेगात माझ्या यादीत ते दुसरं होतं. सागवानावर पूर्ण गुलाब कोरून झाला तरी मी उभं केलेलं नाणं जागचं हललं नाही. गाठीपाशीही कड स्वच्छ आली. बाबांनी टेबलावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आम्ही तेच घेतलं.

मशीन कारखान्यात बसलं त्या सकाळी मी मुद्दामच त्यांना बोलावलं नाही. ते आपणहून आले. माळ्यावरून गोणपाट उतरवलं, सोंड तुटलेली पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "पयलं हे काम." दोन दिवस माझ्या शेजारी बसून त्यांनी स्क्रीनवरची सोंड सतरा वेळा बदलायला लावली. मी वैतागले, आवाज चढवला, पुन्हा काढली. नवा सागवान टेबलावर आवळला आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून नाणं काढलं. ते पडलं. पुन्हा पडलं. मी मदतीला हात पुढे केला, त्यांनी तो कोपराने बाजूला सारला. मग मी स्टुलावर बसले. फोन वाजत होता, तो वाजू दिला. किती वेळा पडलं ते मोजलं नाही. शेवटी दोन्ही हातांच्या बोटांत धरून त्यांनी ते टेबलावर टेकवलं आणि हळूच बोटं काढून घेतली.

नाणं उभं राहिलं.

"आता चालू कर," बाबा म्हणाले.