तुमसरला कुलूप लावायला निघालो तेव्हा

आमच्या कॉफी हाऊसच्या शाखा जबलपूरपासून वर्ध्यापर्यंत पसरल्या आहेत. कॉफी महागली, साखर महागली, आणि नागपूरच्या मुख्य कचेरीने ठरवलं, की न चालणाऱ्या शाखा बंद करायच्या. पहिला नंबर तुमसरचा लागला. मी गोदामातला कारकून, सातवीपर्यंत शिकलेला. टेबल-खुर्च्यांची यादी करून कुलूप लावून ये, असं साहेबांनी सांगितलं.

जायचं तर सकाळची एस.टी. धरा, पुढे बसलं की धूळ कमी लागते. भंडाऱ्याला गाडी बदलते. स्टँडबाहेर तर्री-पोहे स्वस्त आणि झणझणीत. पुढे मोहाडीपर्यंत दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. रस्ता सुंदर आहे, पण माझा हात सारखा खिशातलं तिकीट चाचपत होता.

कॉफी हाऊस धानबाजारासमोरच. फरशी लख्ख आणि टेबलं रिकामी. मॅनेजर देवाजी तिथलाच माणूस.

"पहिले इथं बसाले जागा भेटत नव्हती," तो म्हणाला. "आता माश्या बसून राहिल्या."

"काहून?"

"माहीत असतं तर मी माश्या हाकलत बसलो असतो काय? शाखा गेली का मले अन् दोन्ही वेटरले घरी बसा लागते."

यादी करायला माझा हात उचलेना. ती तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची सायकल घेऊन आंबागडचा किल्ला गाठला. पाणी सोबत न्या, वर मिळत नाही. पायथ्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चढाची वाट दाखवली. उतरल्यावर टपरीवर मी एक चहा सांगितला, अर्धा बशीत ओतून त्याच्यापुढे केला.

"बाबाजी, घ्या."

त्याने फुरका मारला. "हे तुमसरच्या कॉफीवाल्याले शिकवा. धान विकाले गेलो का आम्ही तिथंच बसत होतो. आता बशीच देत नाही."

"मग दोन कप मागवायचे."

"एक मागवला तर पावना तोंड पाह्यते. दोन मागवले तर धानाचा पैसा तिथंच सपते. एकाच कपाले दोघं तोंड लावू काय?"

फुटतात म्हणून बश्या बंद करा, असा कचेरीचा हुकूम सगळ्या शाखांना एकदमच गेला होता. शहरात जो तो आपापला कप पितो, तिथे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तुमसरचा सौदा मात्र एका कपाच्या अर्ध्या-अर्ध्यावर बसतो. यादी न करताच मी परतलो.

"यादी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. तेवढ्यात त्यांची कॉफी आली, बिनबशीची. मला काय म्हणायचं ते पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, यातली अर्धी मला द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे.

"कशात?"

त्याच आठवड्यात गोदामातली बश्यांची पेटी मी स्वतः तुमसरच्या गाडीच्या टपावर चढवली.

आंबागडला जाल तेव्हा तुमसरला थांबा. धानबाजाराच्या दिवशी गेलात तर बसायला जागा शोधावी लागेल. कॉफी एकच मागवा आणि शेजारच्याला बशी द्या. गल्ल्यावर देवाजी असेल.