भास्करची दहा मिनिटं

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रुसून बसलो होतो. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि पंधरा दिवस त्यानं मला गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिलं नव्हतं. आधी रागच आला, की आता भांडायचं कोणाशी... मग रडू आलं.

भास्कर खामगावात विज्ञान शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार आणली. तिचं इंजिन पार गेलेलं, म्हणून या पठ्ठ्यानं दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन तिच्यात कोंबलं. ते आमच्याकडच्या उन्हात असं तापायचं की ऑइल पाण्यासारखं पातळ व्हायचं. ऑइल थंड करायची जाळी, म्हणजे कूलर, पुढे वाऱ्यासमोर लावावी, एवढं मला कारकुनालाही कळत होतं. पण त्यासाठी पुढचा पत्रा कापावा लागणार होता. "काऊन बे, तिचं तोंड कापू?" म्हणत त्यानं जाळी डिकीत बसवली. डिकीत वारा येणार कुठून? शंभरदा सांगितलं. विज्ञानाचा मास्तर, पण ऐकेल तर शपथ! वडनेर भोलजी हे वहिनींचं माहेर. तिथवर एकदा तरी न थांबता नेईन, असा शब्द त्यानं त्यांना दिला होता. "रस्त्यात बसाचं असंन तर मी नाही येत," असं त्या सांगायच्या. म्हणून चाचणीला दरवेळी मी. नांदुऱ्याच्या अलीकडे एका कडुनिंबापाशी तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा. "दहा मिनिटं थांब, गाडी थंडी होऊन राह्यली," तो म्हणायचा. अर्धा तास जायचा आणि तेवढा वेळ मी त्याला बोल बोल बोलायचो.

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मले त्याच गाडीनं माहेरी सोडा." गॅरेज उघडलं, तर गाडीचं तोंड कापलेलं आणि जाळी पुढे बसवलेली!

"तुम्हाले सांगू नको म्हणे," वहिनी म्हणाल्या. "तुमचं 'म्हटलं होतं नं' आयकाव लागलं असतं त्याईले."

म्हणून मला दाराबाहेर ठेवलं होतं, गाढवानं... मी तोंड जरा आवरलं असतं, तर ते शेवटचे पंधरा दिवस मला मिळाले असते.

आम्ही निघालो. कडुनिंब आला तरी काटा जागचा हलला नव्हता.

"इथंच थांबत होते नं तुम्ही दोघं?" वहिनींनी विचारलं. "थांबवा."

"वहिनी, गाडी तापली नाही."

"असू द्या. दहा मिनिटं."

आम्ही अर्धा तास बसलो. मी एक शब्दही बोललो नाही.