शिरूर नाही, दौंड नाही… येसाईचा तळ मात्र सापडला

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. इथं लोक टाकतात त्या भुतांच्या गोष्टी मी वाचते, पण तोंडी लावायला. पिंपळाखालची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... मागून येणाऱ्या माणसाला पुढं जायचं असेल, एवढंच माझ्या डोक्यात येतं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं आमचा नेट कॅफे होता. मशीन बंद पडलं की कारण मी शोधायचे आणि ते सापडायचंच — धूळ, उंदीर, नाहीतर गिऱ्हाईक. चौथं कारण मला कधी भेटलं नव्हतं.

ही गोष्ट साधारण दोन हजार सात-आठ सालची. दुपारचं लोडशेडिंग ठरलेलं, त्यामुळे इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालायची. माझा नवरा विलास रस्त्याच्या कामावर सर्व्हेला होता. (त्याला मी नावानं हाक मारते. वडिलांसमोर मात्र 'अहो'!) कामासाठी त्याच्याकडे जीपीएस असायचा, जाडजूड मोबाईलसारखा पिवळा ठोकळा. त्याच कामावरच्या एका पुण्याच्या इंजिनिअरनं त्याला जिओकॅशिंगचं वेड लावलं.

म्हणजे काय, तर जगात कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं आणि आपण जीपीएस घेऊन तो डबा हुडकायचा. सापडला की त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथं परत ठेवून घरी यायचं.

"एवढं करून मिळतं काय?" मी विचारलं.

"डबा," विलास म्हणाला. धन्य!

आपल्या जवळपास असा डबा आहे का ते बघायला त्या वेबसाइटवर गावाचं नाव टाकायची सोय होती. शिरूर टाकलं की ती आम्हाला थेट कर्नाटकात नेऊन सोडायची. दौंड टाकलं की लाल अक्षरांत 'असं गाव सापडलं नाही'. अहो, दौंड! एवढं मोठं जंक्शन, जिथं गाड्यांची इंजिनं बदलतात, ते दौंड यांना सापडत नाही. पाटस टाकलं तर कुठलातरी परदेशातला किनारा यायचा, आणि मांडवगण फराटा टाकलं तर मशीन नुसतंच विचार करत बसायचं. मी चिडून त्यांच्या फोरमवर लिहिलं. उत्तर आलं, "नावानं शोधू नका, आमची गावांची यादी अपुरी आहे, आकडे टाका." म्हणजे गाव कुठं आहे ते आधीच माहीत असलं तर गाव सापडणार. यांच्यापेक्षा आमचे एसटीचे कंडक्टर परवडले.

आता आबांविषयी. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आबांच्या लहानपणी आजोबांचा वाडा — वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरं, घोडी, बायकापोरं असं सगळं चालतं बिऱ्हाड — दिवाळी झाली की नदीच्या काठाकाठानं पुण्याच्या अंगाला निघायचा आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचा. संसार घोडीवर लादायचा आणि त्यावर कोकरं आणि लहान पोरं बसवायची. अशाच एका फेरीत आबांची आई, येसाई, तापानं गेली. भीमेकाठी तळ पडला होता तिथंच तिला माती दिली आणि उभा धोंडा रोवला. लहानग्या आबांनी धोंड्याच्या बुडाशी आपल्या कोकराच्या गळ्यातली घंटी पुरली. त्या मुक्कामाला आमच्या वाड्यातली माणसं 'येसाईचा तळ' म्हणायला लागली. पुढं आजोबांनी दुसरं लग्न केलं, मेंढरं विकली, मांडवगणजवळ जमीन घेतली आणि घरात त्या जागेचं नाव पुन्हा निघालं नाही.

आमच्यात लग्नाची पहिली अक्षत देवाला आणि दुसरी घरातल्या गेलेल्या माणसांना, त्यांच्या धोंड्यापाशी जाऊन. माझ्या लग्नाआधी आबांनी मांडवगणच्या बाजूचा सगळा नदीकाठ पालथा घातला. भावाच्या लग्नाआधी पुन्हा घातला. मधल्या काळात कालवे आले, ऊस आला, जुन्या वाटा मोडल्या. दोन्ही वेळा त्यांनी अंदाजानं एका बांधावर अक्षत ठेवली आणि मान खाली घालून घरी आले.

आता धाकट्या लताचं लग्न ठरलं होतं, आणि आबांनी हट्टच धरला.

"सुले, दोन लग्नं मी आयला न सांगता केली. ही बी तशीच करू व्हय? धोंडा घावला न्हाई तर मी मांडवात बसायचा न्हाई. कन्यादान तुझा भाऊ करंल."

सगळ्यांनी समजावून झालं. लता रडून रडून सुजली. बाप जिवंत असताना भावानं कन्यादान करायचं म्हणजे पाहुण्यारावळ्यांत काय चर्चा होईल ते वेगळंच. मला आबांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. म्हाताऱ्या माणसानं आईसाठी लहान पोरासारखं तोंड करून बसावं, हे बघवत नाही.

तर त्या दुपारी आबा डोळे तपासायला शिरूरला आले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, बसला वेळ, म्हणून कॅफेत माझ्या शेजारी बसले होते. मी त्या वेबसाइटशी झुंजत होते. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना डब्यांचा खेळ सांगितला. मला वाटलं हसतील.

"मंग ह्यात नवल काय?" आबा म्हणाले. "आमी बी तळ सोडताना चुलीजवळ दगडाखाली मीठ, काड्यापेटी ठेवायचो. मागनं येणाऱ्या वाड्याला व्हतं. त्यो ते घेणार आन् त्याचं काहीबाही ठेवणार. आता हे मशीन तुला गाव दावतं व्हय?"

"कुठलं दावतंय! शिरूर म्हटलं की कर्नाटक."

"गावाचं नाव कशापायी टाकती? मेंढक्याला गाव नसतं, तळ असतो. येसाईचा तळ टाक."

त्यांचं मन राखायला मी टाकलं. इंग्रजीत, जसं सुचलं तसं. एंटर मारलं आणि पाण्याच्या बाटलीकडं हात नेला, कारण लाल अक्षरं येणार हे ठरलेलं होतं.

लाल अक्षरं आली नाहीत. वर, मी लिहिलं होतं तसंच, येसाईचा तळ. जिल्हा नाही, राज्य नाही. खाली अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे, आणि त्याखाली एक ओळ — जवळपास एकही डबा नाही.

समोर कागद नव्हता, मी पेनानं तळहातावर आकडे उतरवले. मग मागं जाऊन तेच नाव पुन्हा टाकलं. लाल अक्षरं! स्पेलिंग बदलून बघितलं, दुसऱ्या मशीनवर बघितलं, ब्राउझर बंद करून बघितलं. सापडलं नाही, सापडलं नाही, सापडलं नाही. मला घाम फुटला म्हणून लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू, मला राग आला. बिघाड आहे आणि तो मला कळत नाही, याचा.

आबांना मी मुक्कामाला ठेवून घेतलं. संध्याकाळी विलासनं माझ्या हातावरचे आकडे जीपीएसमध्ये भरले. "ही जागा दौंड तालुक्यात येते," तो म्हणाला. "मांडवगणच्या समोर, पण नदीच्या पलीकडं."

आबांनी तिथल्या तिथं निकाल दिला. "मंग चुकीचं हाय. पुण्याच्या अंगाला जाताना धोंडा मागं पडायचा तवा नदी माझ्या डाव्या हाताला व्हती. बाकी समदं इसरंन, ते इसरायचो न्हाई. डाव्या हाताला नदी म्हंजी अलीकडचाच काठ. आपला शिरूरचा."

बरोबरच होतं ते. पुण्याकडं तोंड करून नदी डावीकडं हवी असेल तर माणूस शिरूरच्या बाजूलाच पाहिजे. त्या एका खुणेवर त्यांनी जन्मभर अलीकडचा काठ धुंडाळला होता. पण विलासला तो ठोकळा वापरायची हौस. "आबा, नाही सापडलं तर नाही. पलीकडचा ऊस बघून येऊ," असं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी मित्राची जीप आणली. निघताना आबांनी अक्षतेची पुरचुंडी खिशात टाकलेली मी बघितली.

न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडला आणि डावीकडं वळून काठाच्या कच्च्या रस्त्याला लागलो. उसाची तोडणी चालू होती, ट्रॉल्या भरून कारखान्याकडं निघाल्या होत्या. एका ठिकाणी जीप थांबवून विलास ठोकळा हातात धरून पुढं, आम्ही मागं. नुकत्याच तुटलेल्या फडाच्या बांधावर पोचलो तोच रानाचा मालक आडवा आला. पन्नाशीचा माणूस, हातात कोयता.

"कोण पावनं? मोजणीवाले का? हे बघा, ह्या रानातनं रस्ता काढायचा इचार आसंल तर आत्ताच सांगा."

"न्हाई ओ पाटील," आबा पुढं झाले. "मी पल्याडचा, मांडवगणचा. माझी आय हितं कुठं तरी मातीत हाय, असं हे यंत्र म्हणतंय. मेंढक्याचा धोंडा हाय का हो तुमच्या रानात?"

त्या माणसानं कोयता बगलेत धरला. आबांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"धनगरणीचा धोंडा म्हणत्यात त्याला," तो म्हणाला. "नाव काय ते आमाला ठावं न्हाई. आमचा आज्जा सांगायचा, त्या वाड्यानं आपल्या रानात मेंढरं बसवली, रान खतावलं, आन् त्यांची बाई हितंच गेली. तवा तेवढ्या तुकड्याला नांगर लावायचा न्हाई. आमी अजून लावत न्हाई. या, आबा."

नदीच्या अंगाला, तोडलेल्या उसाच्या मधोमध, एक खाटेएवढा तुकडा गवताचा होता. त्यात गुडघाभर उंच काळा धोंडा. ठोकळ्यावरचा अंतराचा आकडा कमी होत होत शून्यावर आला आणि विलासनं ठोकळा खिशात घातला.

आबा उकिडवे बसले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, हातानंच धोंड्याचं बूड चाचपलं आणि पाटलांचा कोयता मागून घेऊन माती उकरली. थोडंच उकरावं लागलं. घंटी हिरवी पडली होती, आतली जीभ केव्हाच गळून गेली होती. आबांनी ती धोतराला पुसली, पुन्हा पुसली.

मग ते उठले आणि पुण्याच्या अंगाला तोंड करून उभे राहिले. नदी उजव्या हाताला! त्यांचा चेहरा गोंधळला. घंटी हातात आहे, धोंडा पाठीशी आहे, तरी ती एक खूण जुळेना. मग सावकाश वळले, धोंड्याकडं, पुण्याकडं पाठ करून. आता नदी डाव्या हाताला आली.

"सुले..." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "आमाला घोडीवर उलटं बसवायचे गं. बायका मागनं चालायच्या. पोराचं तोंड आयला दिसावं म्हणून मागं तोंड करून बांधायचे. आय मागनं चालत यायची आन् मी तिच्याकडं बघत बसायचो. ती गेली तरी मी तसाच बसून हितनं गेलो. धोंडा दिसंनासा हुईस्तवर बघत गेलो."

मी रडले. मोठ्यानं रडले, पाटलांसमोर. विलासही रडला, तो नाही म्हणतो.

आबांनी अक्षता धोंड्यावर ठेवल्या. "आये, धाकटीचं लगीन हाय. ये. आन् आधीची दोन सांगायची राह्यली, ती बी ऐक. ही सुली, थोरली. हे तिचं मालक, लई गुणाचं हाईत..." असं एकेकाची ओळख करून देत राहिले. आम्ही आपले ओळीनं उभे.

निघताना विलास हळूच म्हणाला, "आबा, एक ठेवलंत. आता एक घ्यायचं असतं." आबांनी घंटी खिशात घातली.

जीपमध्ये आबांची जागा नेहमी पुढं. त्या दिवशी ते मागं चढले आणि मागच्या फळीशी उलट्या तोंडानं बसले. पूल येईपर्यंत मान वळवली नाही.

घंटी लताच्या मांडवात मुहूर्तमेढीला बांधली होती. कन्यादान आबांनीच केलं. पाटील जेवायला होते.

आता स्पष्टीकरण. मी त्या वेबसाइटवाल्यांना पुन्हा लिहिलं. त्यांचं म्हणणं, असं नाव आमच्या यादीत नाही आणि कधीच नव्हतं. विलास म्हणतो, कुठल्यातरी जुन्या नकाशातून आलं असेल. कसं येईल? ज्याच्या रानात तो धोंडा आहे त्यालाच हे नाव माहीत नव्हतं. ते आमच्या वाड्यातल्या माणसांच्या तोंडात होतं आणि त्यातले एकटे आबा उरले होते. धूळ नाही, उंदीर नाही, गिऱ्हाईक नाही. चौथं कारण मी अजून शोधतेय, मला ते सापडलेलं नाही.

कॅफे कधीच बंद झाला. आबाही आता नाहीत. मागच्या वर्षी भावाच्या मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन मी पलीकडं गेले, जीपीएसशिवाय. विश्वास ठेवते का म्हणाल तर नाही, अजूनही नाही. फक्त येताना मी पुढं बसत नाही.